रस्ता कोणाचा, हे आम्हाला विचारू नका

प्रति,
भंडारा जिल्ह्यातल्या रस्त्यांचं काम पाहणारे सर्व अभियंते आणि अधिकारी
(नगरपरिषद, नगरपंचायत, जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम, ग्रामसडक, राष्ट्रीय महामार्ग)

विषय : खड्ड्याची तक्रार कोणत्याही कार्यालयाने स्वीकारून योग्य ठिकाणी पोचवण्याबाबत

सन्माननीय महोदय आणि महोदया,



मी मोहाडी तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवते. उत्पन्नाचे दाखले, सातबारा, धान विक्रीची नोंदणी, पोरांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज हे माझं रोजचं काम. रोवणी आटोपत आली की त्यात खड्ड्यांच्या तक्रारींची भर पडते. तक्रार मोबाइलवरून करता येते हे आता गावागावात माहीत झालंय, पण ती कुठे आणि कशी करायची हे फार थोड्यांना जमतं. मग लोक फोटो घेऊन माझ्याकडे येतात. त्यांच्या वतीने तक्रारी नोंदवताना जे दिसलं ते आपल्यासमोर मांडावं म्हणून हे पत्र लिहिते आहे. कोणा एका कार्यालयाकडे बोट दाखवायचा हेतू नाही, म्हणून अनुभव सांगताना नावं घेतलेली नाहीत.

माझं म्हणणं एकच आहे, ते आधीच सांगून टाकते. खड्ड्याची तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाला हा रस्ता कोणाचा ते शोधायला लावू नका. तक्रार ज्याच्या हाती पडेल त्याने ती घ्यावी, जिथे जायला हवी तिथे पोचवावी, आणि खड्डा बुजेपर्यंत ती बंद करू नये. बाकीच्या मागण्या याच्याच पोटातल्या आहेत.

रस्ता कोणाचा हे ओळखणं आपल्या जिल्ह्यात किती अवघड आहे ते पाहा. भंडारा, लाखनी, साकोली असा जाणारा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, ज्याला लोक अजूनही सहा नंबर म्हणतात, तो एका यंत्रणेकडे. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. प्रधानमंत्री किंवा मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतून झालेला रस्ता असेल तर तो पाहणारी यंत्रणा आणखी निराळी. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली इथले शहरातले रस्ते नगरपरिषदेचे. मोहाडी, लाखनी, लाखांदूर इथले नगरपंचायतीचे. गावातल्या आतल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या. शिवाय आपला जिल्हा तलावांचा. कित्येक गावांची वाट मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवरून जाते. पाळ पाटबंधाऱ्याची आणि वरचं डांबर बांधकामाचं असेल, आणि पाळ खचून डांबर फाटलं, तर जायचं कोणाकडे? बावनथडीच्या कालव्याकडेच्या रस्त्याचं तसंच. कोक्याच्या जंगलातून जाणारा रस्ता असला की वनखात्याचा संबंध येतो तो वेगळा.

एक खूण मी लोकांना सांगते. किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्यमार्ग, नारंगी असेल तर ग्रामसडक. पण हे दगड निम्मे गवतात बुडालेले असतात, काहींवर जाहिराती चिकटवलेल्या असतात, आणि काही ठिकाणी रस्त्याचा दर्जा बदलला तरी दगडाचा रंग जुनाच राहिलेला असतो. एवढा घोळ आपल्या खात्यांतल्या माणसांनाही सहज सुटत नाही. तो आठवी शिकलेल्या शेतकऱ्याने, तेही पावसात उभं राहून, सोडवावा अशी अपेक्षा कशी करायची?

बरं, रस्त्यांइतकीच तक्रारींची दारंही अनेक. आपले सरकार पोर्टल आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाने खड्ड्यांसाठी पीसीआरएस नावाचं वेगळं ॲप काढलं. प्रधानमंत्री ग्रामसडकेसाठी २०१५ पासून 'मेरी सडक' आहे. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा फोन नंबर आहे आणि राजमार्गयात्रा हे ॲप आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिसऱ्या सोमवारी तहसीलला. यातली प्रत्येक सोय कोणीतरी तळमळीने उभी केली आहे हे मी मानते, आणि यातल्या काहींनी कामं झालेलीही मी पाहिली आहेत. पण प्रत्येक सोय आपापल्या रस्त्यापुरती. चुकीचं दार ठोठावलं तर ते पुढच्या दाराकडे नेऊन सोडत नाही.

आमच्या जवळच्या फाट्यावरच्या एका खड्ड्याचं सांगते. मोठा रस्ता एका खात्याचा, गावाकडे वळणारा दुसऱ्याचा, आणि खड्डा नेमका दोन्हींच्या जोडावर. पाऊस झाला की तो दिसायचाच नाही, रस्त्याच्या पातळीपर्यंत पाणी भरलेलं असायचं. गावातल्या पोरांनी खूण म्हणून त्यात बेशरमची फांदी रोवून ठेवली होती. एका रात्री कुठल्याशा ट्रकने ती चिरडली. दुसऱ्या दिवशी पहाटे, उजाडायच्या आत, एक काका धानाचं पोतं मोटारसायकलवर बांधून गिरणीकडे निघाले होते. पुढचं चाक आत गेलं आणि ते पोत्यासकट खाली आले. मनगट मोडलं. प्लास्टर घालून भंडाऱ्याहून परतले ते घरी न जाता माझ्या टेबलासमोर येऊन बसले. म्हणाले, "लिवा जी ताई. माह्यासाठी नाही, मांगून येनाऱ्यासाठी लिवा."

लिहायला घेतलं. मोबाइल नंबर त्यांच्या मुलाच्या नावावर, मुलगा बुटीबोरीला कंपनीत. ओटीपी त्याच्या फोनवर गेला आणि कामाच्या वेळेत फोन त्याच्याजवळ नव्हता. पाळी संपून त्याचा फोन येईपर्यंत काका बाकावर बसून राहिले. मग फोटोचं. माझ्या फोनमधला फोटो जागेवर काढलेला नव्हता, म्हणून तो चालेना. धाकट्या भावाला फाट्यावर पाठवलं. त्याने फोटो आणला तर त्यात नुसतं पाणी. कोणताही साहेब तो फोटो पाहून म्हणाला असता की इथे पाणी साचलंय, खड्डा कुठाय? मग भावाने बांबू आत उभा केला, बाहेर काढून ओला भाग दाखवत दुसरा फोटो घेतला. वीतभराहून जास्त बांबू भिजला होता. त्यानंतर फॉर्मवर प्रश्न आला : रस्त्याचा प्रकार निवडा. मी माझ्या समजुतीने निवडला.

काही दिवसांनी उत्तर आलं. सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. दुसऱ्या कार्यालयाकडे केली, तिथूनही तेच. तिसऱ्या ठिकाणी फोन लावला तर समोरच्यांनी अगदी सौजन्याने विचारलं की साखळी क्रमांक सांगा, म्हणजे शोधायला सोपं जाईल. साखळी क्रमांक म्हणजे काय, हे त्या दिवशी मी काकांना समजावून सांगितलं : रस्ता जिथे सुरू होतो तिथून किती किलोमीटर आणि किती मीटरवर ही जागा आहे त्याचा आकडा. तो खात्याच्या नोंदवहीत असतो. ज्याचं मनगट मोडलंय त्याच्या खिशात तो कसा असेल?

शेवटी गावातल्या एका ट्रॅक्टरवाल्याने वीटभट्टीवरचे तुकडे आणून टाकले आणि पोरांनी फावड्याने सारखे केले. खड्डा तात्पुरता भरला. आपल्या नोंदींत मात्र त्या जागेची एकही तक्रार शिल्लक नाही, सगळ्या निकाली. उद्या आपल्यापैकी कोणी वर्षाचा अहवाल काढला तर तो फाटा त्यात ठणठणीत दिसेल. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. तक्रार नाकारली गेली याहून वाईट हे, की ती झाली होती याचा मागही राहिला नाही. त्या जागेवर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कोणी पडलं तर आधी कोणी सांगितलंच नव्हतं असं म्हणायला वाव राहतो.

यावर तोडगा नवा शोधायची गरज नाही, तो आपल्याच देशाच्या कायद्यात आहे. माहितीचा अधिकार अधिनियम २००५, कलम ६(३). नागरिकाने माहितीचा अर्ज चुकीच्या कार्यालयात दिला तर त्या कार्यालयाने तो पाच दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा आणि अर्जदाराला तसं कळवायचं. अर्ज परत करायचा नाही. ही तरतूद करणाऱ्यांनी ओळखलं होतं की सरकारची अंतर्गत वाटणी सरकारला माहीत असते, नागरिकाला नसते. एखाद्या फायलीची नक्कल मागणाऱ्याला हा हक्क मिळतो, तर रस्त्यावर पडणाऱ्याला का मिळू नये? यासाठी नवा कायदा लागणार नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, सगळी खाती तिथे एका टेबलाभोवती बसतात. त्या बैठकीत ठरलं आणि एक परिपत्रक निघालं तर जिल्ह्यापुरतं हे होऊ शकतं.

अशा सोयीचं चालतं उदाहरणही आहे. ब्रिटनमध्ये २००७ साली एका स्वयंसेवी संस्थेने फिक्समायस्ट्रीट नावाची सोय सुरू केली. माणसाने नकाशावर जागा दाखवायची आणि काय बिघडलंय ते लिहायचं. तो रस्ता कोणत्या परिषदेचा हे ती व्यवस्थाच ठरवते आणि तक्रार तिकडे रवाना करते. शिवाय तक्रार सगळ्यांना दिसते : कोणत्या तारखेला केली, उत्तर आलं का, दुरुस्ती झाली का. शेजाऱ्याने आधीच कळवलं असेल तर तेही कळतं. आपल्याकडे प्रत्येक रस्त्याला क्रमांक आहे, रस्ते विकास आराखडे आहेत, नकाशे आहेत. मोबाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप उमटतात. या दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या की रस्त्याचा प्रकार निवडा हा प्रश्न फॉर्मवरून काढून टाकता येईल. जोडावरचा खड्डा असला तर दोन्ही कार्यालयांना तक्रार जाऊ द्या. दोघांपैकी कोणी बुजवायचा हे त्यांनी आपसात ठरवावं. तोवर तक्रार दोघांच्याही नावावर उघडी राहू द्यावी.

ॲपच्या पलीकडचीही एक विनंती आहे. ज्यांच्याजवळ साधा फोन आहे किंवा फोनच नाही, त्यांची तक्रार ग्रामपंचायतीत तोंडी घेतली जावी आणि तिथल्या संगणकावरून नोंदली जावी. पावती कागदावर द्यावी. आशाताई, दूधवाले, एसटीचे चालक-वाहक, शाळेत सायकलीने जाणाऱ्या मुली, या लोकांना रस्ता पाठ असतो. नेमके हेच लोक आपल्या तक्रारींच्या यादीत सगळ्यात कमी दिसतात.

दुसरी गोष्ट तक्रार बंद करण्याची. आज ती बंद करायचा अधिकार ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडेच आहे. माझी विनंती अशी, की दुरुस्तीनंतरचा त्याच जागेचा फोटो, त्याच अक्षांश-रेखांशासह, जोडल्याशिवाय तक्रार बंद होऊ नये. आणि बंद होण्याआधी तक्रारदाराला एक संदेश जावा : काम झालं का? त्याने नाही म्हटलं तर ती वरच्या अधिकाऱ्याकडे जावी. आपल्यापैकी जे मनापासून काम करतात त्यांनाही याचा उपयोगच होईल, त्यांचं काम फोटोसकट सगळ्यांना दिसेल.

आता खड्डा बुजवण्याबद्दल. आपण अभियंते आहात, मी नाही. पण या मातीत वाढल्यामुळे काही गोष्टी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. मातीचे प्रकार म्हणाल तर आमच्याकडे सिहार आहे, मोरंड आहे, खरडी आहे आणि कन्हारही आहे. कन्हार पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ता जागचा हलतो. त्यात रोवणीपासून कापणीच्या तोंडापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या धानाच्या बांध्यांमध्ये पाणी उभं असतं, म्हणजे रस्ता कितीतरी आठवडे बगलांमधून भिजत राहतो. डांबराला बारीक चीर पडली की पाणी आत जातं, गिट्टीवरची डांबराची पकड सुटते, वरून चाक गेलं की आतलं पाणी दाबाने बाहेर येताना बारीक माल घेऊन येतं. मग एका रात्रीत ताटाएवढा खड्डा होतो. त्यात मुरूम टाकला तर पहिल्या सरीत त्याचा चिखल होतो आणि ऊन पडलं की धूळ. मुरमाने बुजवलेल्या खड्ड्याची तक्रार पंधरा दिवसांत पुन्हा माझ्या टेबलावर येते.

खड्डा चौकोनी कापायचा, आतला सैल माल आणि पाणी काढायचं, डांबराचा हात द्यायचा, मिश्रण भरून दाबायचं, ही पद्धत आपल्या पुस्तकात आहे. भर पावसात गरम डांबराचं काम होत नाही हे आपलं म्हणणं मान्य. पण त्यासाठी कोल्ड मिक्सच्या पिशव्या मिळतात. शहराबाहेरच्या रस्त्यांसाठीही त्यांचा थोडा साठा प्रत्येक उपविभागात जूनच्या आधी करून ठेवता येणार नाही का? निदान वळणावरचे, मोरीच्या तोंडचे आणि फाट्यांवरचे खड्डे तेवढ्याने पावसाळा काढतील. पूर्वी रस्त्याच्या ठरावीक पट्ट्याला मैलमजूर असायचा. म्हातारी माणसं अजून सांगतात की तो टोपलं-फावडं घेऊन फिरायचा आणि चर खणून रस्त्यावरचं पाणी बांधीत काढून द्यायचा. ती माणसं निवृत्त होत गेली आणि देखभाल ठेक्यावर गेली. एकेका शाखा अभियंत्याच्या वाट्याला आज किती गावांचे रस्ते येतात याची मला कल्पना आहे. म्हणूनच म्हणते, रस्त्यावर रोज फिरणारे आम्ही लोक आपले डोळे होऊ शकतो. आम्ही सांगितलेलं आत घ्यायची सोय तेवढी हवी.

पावसाळा संपल्यावर करू, हे उत्तर आम्ही दर वर्षी ऐकतो. २०१७ साली राज्य सरकारने १५ डिसेंबरपर्यंत रस्ते खड्डेमुक्त करण्याची घोषणा केली होती. आपल्या झाडीपट्टीला डिसेंबर फार उशिराचा आहे. भाऊबीज झाली की मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होते. गावोगावी पाहुणे येतात, रात्रभर नाटकं चालतात, आणि पहाटे अंधारात, झोपेने डोळे जड झालेले असताना, एकेका मोटारसायकलवर तिघं-तिघं घरी परततात. त्याच दिवसांत धानाचे ट्रॅक्टर खरेदी केंद्रांकडे निघालेले असतात, मागे दिवा नसलेले. वर्षातली ही सगळ्यात धोक्याची वाहतूक आणि रस्त्याची सगळ्यात वाईट अवस्था, दोन्ही एकाच वेळी येतात. आमच्या जिल्ह्यापुरती मुदत दिवाळीची धरा. पंचांग आपल्याकडे वर्षभर आधी असतं.

आपल्यापैकी काहीजण म्हणतील की रस्ते रेतीच्या टिप्परांनी मोडतात. खरं आहे. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवून जी चाचणी झाली, तिच्यातून निघालेला नियम आपण कॉलेजात शिकलेले आहात : ॲक्सलवरचा भार दुप्पट झाला की रस्त्याचं नुकसान साधारण सोळापट होतं. वैनगंगेच्या घाटांवरून भरून निघणारी एक जादा भाराची गाडी किती मोटारसायकलींच्या आयुष्याचा रस्ता एका फेरीत संपवते याचा हिशोब आम्ही करू शकत नाही, आपण करू शकता. तो हिशोब करून महसूल, परिवहन आणि पोलीस खात्याला पाठवा आणि त्याची प्रत आम्हालाही द्या. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर लोखंडी केजव्हील न काढता तसाच डांबरी रस्त्यावरून नेला जातो, तेही चूक आहे. ते ग्रामसभेत बोलायची जबाबदारी आम्ही गावकरी घेऊ.

फलकांचीही एक मागणी आहे, ती थोडक्यात. ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर काम कोणी केलं, किती रकमेचं, पूर्ण कधी झालं आणि देखभालीची पाच वर्षं कधी संपतात हे लिहिलेला फलक असतो. तसा फलक प्रत्येक रस्त्याच्या दोन्ही टोकांना हवा. त्यावर रस्त्याचा क्रमांक, दोष दायित्वाची मुदत आणि जबाबदार कार्यालयाचा फोन नंबर मोठ्या अक्षरात असावा. ठेकेदाराच्या खर्चाने बुजायला हवा असा खड्डा सरकारी पैशाने बुजत असेल तर ते आम्हाला फलक वाचून कळायला हवं.

शेवटी न्यायालयाबद्दल. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी खड्ड्यांबद्दल मुख्य न्यायमूर्तींना एक पत्र लिहिलं. त्या पत्राचीच जनहित याचिका झाली. २०१८ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की सुस्थितीतला रस्ता हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयापुढे आकडा आला : २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशात खड्ड्यांमुळे १४,९२६ माणसं मेली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९८-अ हे कलम आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे कोणाचा जीव गेला किंवा कोणी अपंग झालं तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि १३ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांच्या खंडपीठाने उच्च न्यायालयातल्या त्याच जुन्या याचिकेत आदेश दिला : खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये, जखमींना दुखापतीप्रमाणे पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई, आणि खड्डा कळल्यापासून ४८ तासांच्या आत दुरुस्ती. भरपाई ठरवायला संबंधित संस्थेचा प्रमुख आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती. दिलेली रक्कम जबाबदार अधिकारी आणि ठेकेदाराकडून वसूल करता येईल असंही त्यात आहे.

या आदेशाची माहिती माझ्या टेबलाशी येणाऱ्या एकाही माणसाला नव्हती. मनगट मोडलेल्या काकांनाही नव्हती. अर्ज कुठे करायचा, त्यासोबत कोणते कागद लावायचे, पोलिसांत नोंद हवी का, दवाखान्याच्या कागदावर काय लिहिलेलं असावं, हे सोप्या मराठीत एका पानावर छापून प्रत्येक ग्रामपंचायतीत, पोलीस ठाण्यात आणि ग्रामीण रुग्णालयात लावावं. ४८ तासांची मुदत 'खड्डा कळल्यापासून' आहे, म्हणून तर तक्रारीची नोंद टिकणं इतकं महत्त्वाचं. ज्या क्षणी कोणत्याही एका सरकारी कार्यालयाला कळलं, त्या क्षणी सरकारला कळलं असं धरा. अखत्यारीचं कारण देऊन तक्रार बंद केली तर ती मुदत कधी सुरूच होत नाही.

नगरपरिषदांमध्ये २०२५ च्या डिसेंबरात निवडणुका झाल्या. त्याआधी कित्येक वर्षं तिथे प्रशासक होते आणि खड्डा सांगायला वॉर्डात नगरसेवक नव्हता. आता नवे सदस्य आले आहेत. रस्त्यांची बांधणी आणि देखभाल हे नगरपरिषद अधिनियम १९६५ प्रमाणे आपलं बंधनकारक कर्तव्य आहे, हे त्यांनाही या पत्रातून आदरपूर्वक कळवते आणि वॉर्डातल्या तक्रारींची यादी दर महिन्याच्या सभेपुढे ठेवावी अशी विनंती करते.

जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या पुढच्या बैठकीत एक विषय घ्यावा : चुकीच्या कार्यालयात आलेली खड्ड्याची तक्रार पाच दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे वर्ग करणं आणि तक्रारदाराला तसं कळवणं. त्यावर काय ठरलं ते इतिवृत्तात लिहावं आणि इतिवृत्त सर्व ग्रामपंचायतींना पाठवावं. माझ्या केंद्रात आलेल्या ज्या तक्रारी अखत्यारीचं कारण देऊन बंद झाल्या, त्यांचे क्रमांक, फोटो आणि जागेचे अक्षांश-रेखांश मी एकत्र करून ठेवले आहेत. बैठकीआधी कोणत्या कार्यालयात आणून द्यायचे ते कळवावं. मी स्वतः घेऊन येईन.

कळावे,

आपली विनम्र,
एक सेवा केंद्र चालक
तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा